मिशी आणि तिसरा अंक

त्या काळी परभणीकडच्या खेड्यांत माणसाची मिशी दोनदाच उतरायची. एकदा बाप गेल्यावर आणि एकदा आई गेल्यावर. मधेच कुणी हौसेनं काढली, तर भेटणारा प्रत्येक जण आवाज खाली करून विचारायचा, घरी सगळे बरे आहेत ना? ही रीत मला ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर यात्रेच्या त्या सकाळी चारचौघांत मी जे बोलले, ते बोलले नसते.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण म्हणून मी ताडकळसजवळच्या त्या गावात रुजू झाले, तेव्हा चोवीस वर्षांची होते. परभणीत वाढलेली, जिभेनं तिखट, आणि गाण्याच्या दोन परीक्षा दिल्याचा गर्व डोक्यात. भाड्यानं खोली मिळाली ती एका किराणा दुकानाच्या मागं. दुकानदार साठीला टेकलेले, अंगानं सुकलेले, पण मिशी अशी भरघोस की दुकानात आधी ती यायची आणि मग ते. गाव त्यांना शेटजी म्हणायचं. मी मामा म्हणू लागले, कारण त्यांच्या आईनं पहिल्याच दिवशी मला लेक म्हणून टाकलं होतं. आई ऐंशीच्या घरातली. तिला सगळे म्हातारीमाय म्हणत.

मामा डाळ तोलताना गुणगुणायचे. पारडं केव्हाच जागेवर आलेलं असायचं, पण गाणं समेवर आल्याशिवाय पुडीला दोरा गुंडाळला जायचा नाही. गिऱ्हाईक ताटकळत उभं राहायचं. कुणी घाई केलीच तर मामा त्याच्याकडं असं बघायचे, जणू त्यानं भर देवळात चप्पल घातली आहे. मी खोलीत वह्या तपासत असायची. पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं, की हा माणूस जे गुणगुणतोय ते भजन नाही. ती जुनी नाट्यपदं होती, आणि सगळी बाईची.

विचारलं तर मामा विषय बदलायचे. गावात मात्र सगळ्यांना माहीत होतं. निजामाच्या राज्यात, मामांना अजून मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, गावात एक संगीत नाटक बसलं होतं. मामा त्यात नायिका होते. नेसले की ओळखू यायचे नाहीत, असं म्हातारे लोक सांगायचे आणि सांगताना थोडे लाजायचे.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी यात्रेची बैठक शाळेत भरली. तोवर यात्रेत तरुण मंडळी सामाजिक नाटक करायची, नांदेडहून नटी ठरवून आणायची. त्या वर्षी टूम निघाली की नाटक नको, परभणीहून व्हिडिओ आणू आणि दोन सिनेमे लावू. मला बोलायचं कारण नव्हतं. मी फक्त हजेरीपट घ्यायला वर्गात गेले होते. पण माझं तोंड माझं ऐकत नाही. मी म्हटलं, गावात गाणं डाळीबरोबर तोलून फुकट जातंय आणि तुम्ही भाड्याचा डबा आणून बघणार. मग मुख्याध्यापक म्हणाले, बाई, मग तुम्हीच बसवा नाटक. आलिया भोगासी म्हणत मी हो म्हटलं.

मामांच्या ट्रंकेतून नाटकाचं पुस्तक निघालं. पानं अशी झालेली की उलटताना श्वास धरावा लागे. गोष्ट साधी होती. राजकन्येचा नवरा लढाईवर जातो, ती देवळात दिवा लावून बारा वर्षं वाट बघते, शेवटी तो येतो. गोम होती ती पदांत. प्रत्येक पदावर बारीक अक्षरात लिहिलेलं, की याची चाल अमक्या पदासारखी. ते अमकं पद कुणालाच येत नव्हतं. शब्द होते, चाली नव्हत्या. चाली फक्त एका माणसाच्या गळ्यात होत्या, आणि तो माणूस दुकानात बसून म्हणत होता की आता आपलं वय झालं.

शेवटी म्हातारीमायनं आतून हाक दिली, की शिकीव तिला, उगं भाव खाऊ नको. मामा तयार झाले.

नायिका कोण, हा प्रश्नच आला नाही. पोरं म्हणाली, बाई आहेत की. मामांनी पुस्तकाची सुटी पानं जुळवायला घेतली. मी त्यांच्याकडं बघितलं नाही, कारण मला ते काम हवं होतं. परभणीहून आई-भाऊ येतील, शाळेतल्या बाकीच्या बाया येतील, आणि मी जरीचं नेसून गाईन, हे सगळं मी मनात रंगवून ठेवलं होतं.

पेटीला भजनी मंडळातले बुवा मिळाले. तबल्याला चांगला हात पंचक्रोशीत एकाचाच होता, आणि तो वस्तीतल्या गायन पार्टीत वाजवायचा. विद्यापीठाच्या नामांतरावरून गाव आणि वस्ती यांच्यात तेव्हा कामापुरतंच बोलणं उरलं होतं. शाळेच्या भिंतीवर एका बाजूनं एक घोषणा, दुसऱ्या बाजूनं दुसरी, आणि मुलं दोन्ही वाचून जोडाक्षरं शिकत होती. त्याला बोलवायचं म्हटल्यावर बैठकीतले दोघं-तिघं घसा खाकरायला लागले. मामा उठले, चपला घातल्या आणि वस्तीत गेले. मी मागं गेले. मामा त्याच्या ओट्यावर बसले, चहा घेतला आणि सरळ विचारलं. त्यानं ऐकून घेतलं. संगीत नाटकात वाजवणारे रंगमंचाच्या पुढं, खाली बसतात, हे त्याला माहीत होतं.

तो म्हणाला, “वाजवतो. पन खाली न्हाई बसणार, शेटजी. वर बसंन.”

मामा म्हणाले, “वर बस. मला बी तू दिसाया पायजेस.”

ते ‘मला बी’ माझ्या कानात अडकलं. पण मी ते तिथंच राहू दिलं.

तालमी दुपारी व्हायच्या. सकाळची शाळा सुटली की मामा दुकानाची अर्धी फळी लावायचे आणि आम्ही पोत्यांवर बसायचो. माझ्या दोन परीक्षांचा गर्व तिसऱ्या दिवशी उतरला. मामांना रागाचं नाव सांगता येत नव्हतं, पण माझी तान जरा लांबली की ते म्हणायचे, बाई, एवढं तूप कशाला, भात कुठं दिसंना झाला. बुवांची वेगळीच अडचण. भजनात बुवानं ओळ म्हटली की टाळकरी ती झेलतात. त्यामुळं माझी ओळ संपली की बुवा पेटीवर थांबायचे, कुणीतरी झेलेल म्हणून. मी चिडायची. ते म्हणायचे, काय करू, बोटाला सवय हाय.

पहिल्या अंकाची पदं झाली, दुसऱ्याची झाली. तिसऱ्या अंकात एकच मोठं पद होतं, नवरा परत येतो तेव्हाचं. ते मामा शिकवेनात. आज नको, उद्या बघू, ऐनवेळी सांगतो. यात्रा आठ दिवसांवर आली तेव्हा मी भडकले. म्हातारीमायला जाऊन सांगितलं, की मामांना मी पडावं असं वाटतंय. ती चुलीपुढं बसून शेंगा भाजत होती. तिनं मला बस म्हटलं.

तिनं सांगितलं ते असं. त्या वेळी नाटकाचे दोन अंक झाले होते. तिसरा सुरू व्हायचा, तेवढ्यात खबर आली की शेजारच्या गावात रझाकार शिरले. गॅसबत्त्या विझवल्या आणि सगळा गाव रानात पळाला. मामा नेसलेल्या लुगड्यानिशी, बांगड्या घालून, ज्वारीत लपून बसले. सकाळी घरी आले तेव्हा पदर फाटलेला होता आणि ते रडत होते. भीतीनं नाही. अंक राहिला म्हणून. पुन्हा नाटक उभं राहिलं नाही. राजा गेला, राज्य बदललं, मामांना मिशी आली, दुकान आलं, नातवंडं आली.

म्हातारीमाय म्हणाली, “ते पद त्यानं लोकात कवाच म्हणलं न्हाई. गोठ्यात म्हणायचा, म्हशीपुढं. मला पाठ झालं ऐकून ऐकून. तुला द्यायला त्याचा जीव व्हईना, आन् काम माग म्हणलं तर मागना.”

आता खरं सांगायचं तर मी त्याच क्षणी उठून मामांना म्हणायला हवं होतं, की तिसरा अंक तुम्ही करा. मी म्हटलं नाही. शेंगा खाल्ल्या आणि खोलीत आले. साठीचा माणूस, नातवंडांचा आजोबा, बाईचं काम करून हसं करून घेईल, असं मी स्वतःला समजावलं. त्यांची काळजी म्हणून नाही. जरीच्या लुगड्याचा मोह म्हणून. दुसऱ्या दिवशी मामांना मी एवढंच म्हटलं, की ते पद शिकवणं जमत नसेल तर मी ते नुसतं वाचून दाखवीन. मामांनी मान हलवली आणि साखर तोलायला लागले. त्या दिवशी ते गुणगुणले नाहीत.

यात्रेचा दिवस आला. संध्याकाळी लाईटीचा भरवसा नव्हता, म्हणून नाटक दिवसाउजेडी, चार वाजता ठेवलं होतं. सकाळी मी तोंड धुवायला बाहेर आले तर दुकानासमोर दहा-बारा माणसं डोक्याची टोपी काढून उभी. मामा गल्ल्यावर बसलेले, आणि त्यांच्या नाकाखाली काही नव्हतं. इतकी वर्षं झाकलेला वरचा ओठ उघडा पडला होता, भाजलेल्या वांग्याची साल काढावी तसा कोवळा. मी सगळ्यांदेखत म्हणाले, “मामा, लय छान दिसता की हो.”

टोप्या काढलेल्या माणसांनी माझ्याकडं असं बघितलं की मी तोंडातला ब्रश तसाच ठेवून आत पळाले.

मग जे झालं ते अजून आठवलं की मला हसू आवरत नाही. वडील जाऊन वीस वर्षं झालेली, तेव्हा मिशी उतरली म्हणजे म्हातारीमाय गेली, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. न्हाव्याकडून बातमी सुटली आणि यात्रेला येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडी चार कोसांवर गेली. लोक येऊन ओट्यावर गप्प बसत. मामांना धड खोटं बोलता येईना, धड खरं सांगता येईना. उकाड्यानं काढली, असं ते पुटपुटायचे, आणि दुःखानं डोकं फिरलं असावं म्हणून लोक आणखी हळहळायचे. दहाच्या सुमाराला पोखर्णीला दिलेली त्यांची बहीण एसटीतून उतरली ती वेशीपासून रडत. गल्लीत शिरली, दुकानाशी आली, आणि सकाळभर मागं चुलीपाशी असलेली म्हातारीमाय आता ओट्याच्या कोपऱ्यात ताकात भाकरी कुस्करत बसलेली.

म्हातारीमाय लेकीला म्हणाली, “आदी जेव. मंग रड.”

बहिणीला आधी आली भोवळ, मग आला राग. माय जिती असताना मिशी काढतो, हा कसला अभद्रपणा, म्हणून तिनं भावाला सगळ्या गावापुढं धारेवर धरलं. मामा मान खाली घालून बसले. तेव्हा म्हातारीमाय भाकरीचा घास बाजूला ठेवून म्हणाली, “त्याला कामून बोलायलीस? मला इचारून काढली त्यानं. म्याच म्हणलं, काढ. मी मेल्यावर काढशील ती माझ्यासाठी. आज तुझ्यासाठी काढ.”

मी दाराआड उभी होते. तेव्हा मला कळलं आणि कळताना लाज वाटली. या माणसाला कुणी काम दिलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं, त्यानंही मागितलं नव्हतं. तरी तो तयार होऊन बसला होता. बोलावलं तर असावं म्हणून.

चार वाजता शाळेच्या ओट्याला टेबलं जोडून केलेल्या रंगमंचावर पडदा वर गेला. पडद्यावर रंगवलेला चंद्र आणि डोक्यावर खरं ऊन. नायक झालेला कंपाउंडर घामानं निथळत होता. मी पहिलं पद सुरू केलं. पहिली ओळ संपली, बुवा सवयीनं थांबले, आणि समोर बसलेल्या सगळ्या गावानं ती ओळ झेलून परत म्हटली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. विरहात असलेली राजकन्या एकटी असते, तिच्या मागं पाचशे माणसं कशाला? पण दुसऱ्या ओळीलाही तेच. तबलजी गालात हसला आणि त्यानं ठेका असा धरला, की झेलायला जागा राहावी. तिसऱ्या ओळीपर्यंत माझा राग गेला. इतक्या लोकांनी आपली ओळ उचलून धरली की काय वाटतं, ते परीक्षेत कुणी शिकवलं नव्हतं. मी गायले. आई-भाऊ बघत होते. दोन अंक असे गेले, की पडदा पडल्यावर मी आत जाऊन उगीच हसत बसले.

मामा आडोशाला पाण्याची कळशी घेऊन उभे होते. त्यांनी मला पेला दिला. मी पाणी प्यायले आणि डोक्यावरचं गंगावन काढायला लागले.

मी म्हटलं, “मामा, मधे बारा वर्षं जातात. बाई म्हातारी झाली तर कुणाला नवल वाटायचं नाही. नेसा.”

मामा म्हणाले, “लोक हासतील, बाई.”

मी म्हटलं, हसू द्या. मला ते पद येत नाही आणि आता शिकवायला वेळ नाही. तुम्हीच तर मला शिकवलं नाहीत, आता निस्तरा. माझा आवाज चढला होता, कारण नाहीतर मी रडले असते. मामा पाठमोरे झाले. तिसऱ्या अंकाचं पांढरं लुगडं मी हातात धरलं होतं. कासोटा कसा घालायचा ते मी सांगू लागले, तर त्यांचे हात माझ्या आधी चालले. चाळीसच्या वर वर्षं झाली, तरी ते विसरले नव्हते.

पडदा वर गेला. देवळातल्या दिव्याशी मामा बसलेले. गाव माना उंचावून बघू लागलं. मग मागून कुणी तरी म्हणालं, वाट बघून लय वाळली की. हसण्याची एक लाट उठली आणि विरली, कारण मामा उठून उभे राहिले होते. त्यांनी पदर सावरला तो असा, की मला माझे दोन अंक पोरखेळ वाटले. नायक आला. बुवांनी सूर दिला. तबल्यानं ठेका धरला. आणि मामांना शब्द आठवेना.

ठेक्याची दोन आवर्तनं झाली, तीन झाली. मामा तोंड उघडून उभे. मी आडोशाला पुस्तक चाळत होते आणि तेच पान नेमकं हाताला लागत नव्हतं. तबलजीची नजर मामांवर खिळलेली, हात न थांबता चालू. तो वर बसला होता म्हणून त्याला दिसत होतं. त्यानं ठेका जरा सावकाश केला, जसं कुणाला म्हणावं, या, घाई नाही.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून, बायकांत बसलेल्या म्हातारीमायचा आवाज आला. चिरका, दात नसलेला, पण सुरात.

“विझू न दिधला दीप, सख्या रे…”

मामांनी तिच्याकडं बघितलं आणि ओळ झेलली. टाळकऱ्यानं बुवाची झेलावी तशी. मग दुसरी ओळ त्यांची त्यांना आली, तिसरी आली. गळा फाटत होता, वरचा सूर पुरत नव्हता, आणि जिथं पुरत नव्हता तिथं गाव उचलत होतं. कुणी हसलं नाही. पोखर्णीची बहीण पदरानं डोळे पुसत सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होती. मी ते पद तिथं, आडोशाला उभी राहून शिकले, सगळ्या गावाबरोबर. तिसऱ्यांदा वन्समोअर आला तेव्हा कंपाउंडर म्हणाला, मी आता किती वेळा लढाईवरून परत येऊ? पण तो तिसऱ्यांदाही आला. पुढं कितीतरी दिवस गावात बाया ते पद जात्यावर म्हणायच्या आणि पोरं म्हशी धुताना.

मामांनी मिशी पुन्हा वाढवली. दुकान चालू राहिलं, डाळ समेवर तोलली जात राहिली. माझी बदली व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात म्हातारीमाय गेली. दुपारची भाकरी खाऊन जरा कलंडली आणि उठली नाही. दहाव्याला आम्ही गंगाखेडला गोदावरीवर गेलो. घाटावर मामांनी मिशी उतरवली. परत येताना एसटीत मी त्यांच्या मागच्या बाकावर होते. मामा खिडकीतून उसाच्या गाड्या बघत होते आणि दहा दिवसांत जेमतेम दहा शब्द बोलले होते.

वाटेत एका फाट्यावर शेजारच्या गावचा एक माणूस चढला. त्याला काही कळलेलं नव्हतं. त्यानं मामांचा उघडा ओठ बघितला आणि त्याचा चेहरा फुलला.

“शेटजी,” तो म्हणाला, “औंदा नाटक हाय वाटतं?”

मी त्या माणसाला गप्प करायला उठलेच होते. पण मामा वळले, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं म्हणाले, “मायला इचारून सांगतो.”

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. आमच्याही. मग मामाच हसले, आधी थोडं, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि त्या माणसाला सरकून जागा दिली.